शिडाच्या बोटीवर वर्षभर राहायचंय, ३४ फूट पुरेल का ४० हवी?

सोलेंटचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, शेवटी आज लिहितोय. मी नऊ वर्षं साउदॅम्प्टनला आहे, आयटी, मूळचा पुण्याचा, म्हणजे लहानपणी मोठं पाणी पाहिलं ते खडकवासल्याचं. इथे आल्यावर ऑफिसातल्या एकाने शनिवारी बोटीवर नेलं आणि तेव्हापासून डोक्यात जे शिरलंय ते निघत नाही. डे स्किपर (बोट चालवण्याचा इथला कोर्स) झालंय, दोनदा ग्रीसमध्ये आठवडाभर बोट भाड्याने घेऊन फिरलोय, इंग्लिश चॅनेल एकदाच ओलांडलाय (फ्रान्सचं शेरबूर. जाताना झकास, येताना सहा तास बादलीत तोंड).

तर प्लॅन असा की एक वर्ष बिनपगारी रजा घ्यायची, पुढच्या जूनमध्ये निघायचं, बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेन, पोर्तुगाल, कॅनरी बेटं, तिथून अटलांटिक पार करून कॅरिबियन, मेमध्ये अझोर्स बेटांमार्गे परत. बरेच ब्रिटिश लोक करतात ही फेरी, पण आपल्यातलं कोणी केलंय का? सगळं धरून ६०-६५ हजार पौंड आहेत, त्यात बोट पण आली आणि वर्षाचा खर्च पण. ३४ फुटी जुनी मजबूत बोट घेऊ का ४० फुटी जरा नवी, जागा असलेली? बायकोचं मत ४०, कारण तिला उभं राहून केस विंचरता आले पाहिजेत. तिची संमती सध्या साठ टक्के आहे. माझा पासपोर्ट ब्रिटिश झालाय, तिचा भारतीयच आहे, त्याने काही अडतं का तेही सांगा.

आणि कृपा करून "वेड लागलंय का" लिहू नका, ते आईने रोज व्हॉट्सॲपवर लिहून झालंय.

दापोलीकर_१

वेड लागलंय का 😀 एवढ्या पैशांत आमच्याकडे समुद्र दिसणारं घर येईल आणि ते हलणार पण नाही.

खारेवारे

वरच्यांकडे लक्ष देऊ नका. आम्ही दोघांनी हीच फेरी केली, परत येऊन दोन वर्षं झाली, बोट अजून आहे आणि लग्न पण आहे.

पहिलं म्हणजे ६० हजारात ४० फुटी विसरा. मिळेल हो, मिळत नाही असं नाही, पण मग तिला समुद्रात न्यायला पैसे उरणार नाहीत. आमची ३६ फुटी, १९८३ची, इंग्लंडातच बांधलेली, ३१ हजाराला घेतली आणि निघायच्या आधी तिच्यात आणखी १८ हजार घातले. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा सगळ्या नव्या (दहा वर्षांच्या वर झाल्या की बऱ्याच विमा कंपन्या तसंही नाक मुरडतात), मुख्य शीड नवं, बॅटऱ्या, ६० मीटर ८ मिमीची साखळी, एक साइज मोठा नांगर, लाइफराफ्ट (जीव वाचवायचा तराफा), गॅसचा पाइप. यातलं एकही फोटोत दिसत नाही. ४० फुटीला हेच सगळं जाड, लांब आणि महाग लागतं, मरिनावाला (बोटी लावायचा धक्का त्याचा) भाडं बोटीच्या लांबीच्या मीटरवर घेतो, तळाला रंग लावायचा तो पण जास्त, आणि मुख्य म्हणजे रात्री दोन वाजता अंगावर येणारं शीड मोठं. दोघांतला एक झोपलेला असताना दुसऱ्याला एकट्याने आवरता आलं पाहिजे, हा माझा हिशोब. ३४ ते ३७ च्या मध्ये बघा. जुन्या वेस्टर्ली, मूडी, रायव्हल, निकल्सन असल्या बोटी तुमच्याच भागात ढीगभर पडल्यात, पण सर्व्हेअर स्वतःचा न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

पाणी. आमच्या टाक्या ३२० लिटरच्या. कॅनरीतलं लास पामास ते कॅरिबियनमधलं बार्बाडोस सुमारे २७०० नॉटिकल मैल, आम्हाला २२ दिवस लागले, आणि आम्ही दोघांनी मिळून रोज ७-८ लिटरच वापरलं. भांडी समुद्राच्या पाण्याने, आंघोळ पण तसलीच, शेवटी गोड्या पाण्याचा एक तांब्या अंगावर, म्हणजे अगदी दुष्काळातल्या लग्नघरासारखं. भाताला, खिचडीला एक वाटी समुद्राचं दोन वाट्या गोडं, वेगळं मीठ घालायचंच नाही. खाऱ्याचं गोडं करणारं मशीन आम्ही घेतलं नाही. ज्यांनी घेतलं होतं ते प्रत्येक बंदरात त्याचा पंप उघडून बसलेले दिसायचे, आम्ही तेवढ्या वेळात बेट बघून यायचो. तरीपण टाकीच्या बाहेर ४० लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, टाकी खराब झाली तर काय करणार.

वीज. फ्रीज, दिवे, एआयएस (आसपासची जहाजं नावासकट दाखवणारं यंत्र), फोन, लॅपटॉप धरून दिवसाला ८०-१०० अँपिअर-तास. ४०० वॉटचे सोलर पॅनल त्या उन्हात तेवढं देतात, ढगाळ दिवस सोडले तर. पण विजेवर चालणारा ऑटोपायलट दिवसरात्र लावलात तर हे गणित कोसळतं. म्हणून मागच्या बाजूला वाऱ्यावर चालणारी विंडव्हेन बसवा. तिला वीज लागत नाही, जेवण लागत नाही, तक्रार करत नाही. सगळे लोक तिला काहीतरी नाव देतात, आमचीचं नाव गणपा. २२ दिवसांत मी स्वतः सुकाणू धरलं असेल ते जेमतेम चार तास, बाकी सगळं गणपाने केलं.

आता जे कोणी सांगत नाही ते. संडास. हातपंपाचा असतो, समुद्राचं पाणी ओढून ढकलायचं. खारं पाणी आणि लघवी मिळून पाइपच्या आतून पांढरा चुन्यासारखा थर धरतो, कळतच नाही, रोज दांडा थोडा जड लागतो एवढंच. कॅरिबियनमधल्या बेक्वे बेटाला नांगर टाकून होतो, रविवार सकाळ, निळंशार पाणी, शेजारच्या बोटीवर कोणीतरी गिटार वाजवतंय, आणि आमचा दांडा अडकला तो हलेना. सगळा पाइप काढला, दीड इंची पाइपात माझी करंगळी जाईना. मग तो पाइप डिंगीत (छोट्या होडीत) टाकून धक्क्यावर नेला आणि काँक्रीटवर धोब्यासारखा आपटत बसलो, आतून खडीसाखरेसारखे तुकडे पडत होते. (नंतर गावी देवळात प्रसाद म्हणून खडीसाखर मिळाली, खाववेना.) त्यामुळे: दर आठवड्याला व्हिनेगर ओता, पंप नेहमीपेक्षा दुप्पट वेळा मारा, आणि जोकर व्हॉल्व्ह नावाचा रबरी तुकडा असतो ते चार घेऊन ठेवा. बोट बघायला जाल तेव्हा गादीची कव्हरं बघू नका, गुडघ्यावर बसून संडासाचा पाइप आणि तळाला असलेले सगळे कॉक (समुद्राचं पाणी बंद करायचे नळ) फिरवून बघा. एखादा फिरला नाही तर किंमत कमी करून मागा.

आणि बोट हलते. म्हणजे तुम्हाला वाटतंय तसं नाही. व्यापारी वारे पाठीमागून येतात, सगळे म्हणतात काय मजा, वारा मागून, पण मागून वारा म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे लोळते, सतत, तीन आठवडे. एका रात्री कुठेतरी टिंग टिंग वाजत होतं. चमचे काढले, कप काढले, टूलबॉक्स काढला, पाऊण तास. शेवटी सापडलं, जिऱ्याची बाटली मोहरीच्या बाटलीला लागत होती. मध्ये एक मोजा खोचला आणि आलेली ती झोप मी अजून विसरलो नाही.

मेतकूट_भात

मी वरच्या सद्गृहस्थांची बायको. त्यांनी संडासावर एवढं लिहिलंय म्हणून मला बाकीचं लिहावं लागतंय.

साठ टक्के संमती म्हणजे नाही. माझी पण साठच होती. तुमच्या मिसेसना सांगा, नोव्हेंबरात बोटीवर महिनाभर राहून बघ, मरिनातच, कुठे जायचं नाही, तिथूनच ऑफिसला जायचं. इंग्लंडातल्या नोव्हेंबरात बोटीच्या आत भिंतींवरून पाणी ओघळतं, गादी खालून ओली होते, चपलांवर बुरशी येते. ते जिला जमलं तिला कॅरिबियन जमतं. आम्ही केलं होतं, तिसऱ्या आठवड्यात मी मैत्रिणीकडे फक्त केस धुवायला गेले आणि चार दिवस राहिले, पण परत आले.

बोट लागणं: मला पहिले तीन दिवस प्रत्येक वेळी लागते, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. चौथ्या दिवशी सकाळी भूक लागते आणि मग काही नाही. सिनारिझिनची गोळी निघायच्या आदल्या रात्रीपासून घ्यायची, लागल्यावर घेऊन उपयोग नाही (तुमच्या डॉक्टरला विचारून). त्या तीन दिवसांचं जेवण बंदरातच करून ठेवायचं, खाली जाऊन कांदा चिरायची कल्पना सुद्धा नको. आमचं ठरलेलं, दशम्या, दाण्याची चटणी, आणि थर्मासमध्ये मऊ भात-मेतकूट.

आपल्या लोकांना स्वयंपाकात खरंच फायदा आहे. गोऱ्या लोकांचे हाल बघितलेत, हिरवं काही संपलं की डबे उघडत बसतात. आपण मटकी, मूग, मोड आणायला फडकं आणि ओलावा लागतो, तिथल्या उकाड्यात बारा तासात मोड येतात. विसाव्या दिवशी आम्ही ताजी उसळ खात होतो. कुकर तर बोटीसाठीच जन्माला आलाय, झाकण घट्ट, उलटला तरी वरण सांडत नाही, गॅस पण कमी. पोहे, रवा, भाजणी, कोकम, सगळं टिकतं. अंडी फ्रीजमध्ये न ठेवलेलीच विकत घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटी करायची, महिनाभर जातात. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचं नाही, त्यात झुरळांची अंडी येतात, सगळं धक्क्यावरच काढून पिशव्यांत. आणि केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका!! लास पामासला ह्यांनी हौसेने हिरवा घड आणून मागे टांगला. बारा दिवस एकही पिकलं नाही, तेराव्या दिवशी सगळी एकदम. दोन दिवस आम्ही केळी, शिकरण, केळ्याचा शिरा, केळ्याची भजी. मग मी समुद्राला दान केली.

रात्रीच्या पाळ्या आम्ही तीन-तीन तासांच्या केल्या. मला सगळ्यात भीती त्याची होती आणि आता सगळ्यात आठवण त्याचीच येते. कमरेला पट्टा, तो बोटीला अडकवलेला, हा नियम की दुसरा जागा नसेल तर कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेच्या) बाहेर पाऊल टाकायचं नाही, काहीही झालं तरी. एकदा पहाटे चारला काहीतरी थाडकन माझ्या छातीवर आपटलं, मी किंचाळले, हे उघड्या अंगाने धावत वर आले. उडणारा मासा होता, वीतभर. तळून खाल्ला.

भांडणं होतात. नांगर टाकताना हमखास, कारण एक जण पुढे, एक मागे, मध्ये इंजिनाचा आवाज, आणि अख्खं बंदर चहा पीत बघत असतं. आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या, ओरडायचं नाही. तेव्हापासून निम्मी भांडणं कमी. निम्मीच.

पासपोर्टचं सांगते कारण माझाही भारतीयच होता. बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिकाला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागला नाही, म्हणून आम्ही मुद्दाम पहिलं पाऊल बार्बाडोसला ठेवलं. मार्टिनिक, ग्वाडेलूप फ्रान्सची आहेत पण शेंगेनमध्ये (युरोपातल्या एका व्हिसाच्या देशांत) नाहीत, साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, लंडनलाच विचारून घ्या. आणि शेंगेनचे १८० दिवसांत ९० दिवस ब्रिटिश पासपोर्टवाल्या तुम्हालाही लागू आहेत, त्यात कॅनरी आणि अझोर्स दोन्ही मोजतात, सगळे इथेच फसतात. निघायच्या आधी सगळे नियम ताजे तपासा, बदलत असतात. आणि बोटीच्या नावाचा रबरी शिक्का करून घ्या. हसू नका. बेटावरच्या ऑफिसात क्रू लिस्टवर गोल शिक्का मारला की साहेबाचा चेहराच बदलतो, तहसील कार्यालयच आहे ते.

तांडेलकाका

खारेवारे दांपत्याने घरचं सगळं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता अलिबागला.

बाबा रे, बिस्के जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला ओलांड, पुढे ढकलू नकोस. इंग्लंडातल्या फालमथहून स्पेनचं आ कोरुन्या सव्वाचारशे-साडेचारशे मैल, तुझ्या बोटीला चार दिवस. तिथे तळ चार हजार मीटरवरून एकदम दोनशेवर येतो, अटलांटिकची लाट त्या पायरीला अडखळते आणि उभी राहते. हवा चांगली असेल तर काही नाही, तळ्यासारखं. चार दिवसांचा अंदाज चांगला मिळाल्याशिवाय निघायचं नाही, रजा संपत आलीये म्हणून तर नाहीच नाही. समुद्रात तारीख देऊन कोणाला भेटायला जाऊ नये.

स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का म्हणजे किलर व्हेलची भानगड २०२० पासून सुरू आहे, ऐकलं असशील. सुकाणूला धडका देतात, काही बोटी बुडाल्या सुद्धा. लोक किनाऱ्याला धरून उथळ पाण्यातून जातात. कुठे दिसले त्याचे नकाशे रोज निघतात, ते बघत जा.

जहाजांबद्दल. एआयएस लाव, नुसता ऐकणारा नको, स्वतःचं नाव पाठवणारा लाव. आम्ही ब्रिजवरून तुझा मिणमिणता दिवा बघतो अशा भ्रमात राहू नकोस. क्षितिजावर दिसलेलं जहाज पंधरा-वीस मिनिटांत तुझ्या डोक्यावर असतं. म्हणजे दर दहा मिनिटांनी उठून गोल नजर फिरवायची, पुस्तक कितीही रंगात आलं असलं तरी.

आणि वादळाचा मोसम, १ जून ते ३० नोव्हेंबर. पूर्वी विमावाले म्हणायचे ग्रेनाडापर्यंत खाली गेलात की सुटलात. २००४ मध्ये आयव्हानने ग्रेनाडालाच झोडपलं, आणि २०२४ मध्ये १ जुलैला बेरिल ग्रेनाडाच्याच करियाकू बेटावर आलं, मोसम सुरू होऊन महिना झाला होता फक्त. मेच्या मध्यात कॅरिबियनमधलं अँटिग्वा सोडायचंच. तिथून अझोर्समधलं होर्ता २२०० मैलांच्या आसपास. होर्ताला धक्क्याच्या भिंतीवर बोटीचं चित्र काढायचं असतं, न काढता निघालं तर अपशकुन म्हणतात. मी मानत नाही, पण रंगाचे दोन छोटे डबे आणि ब्रश बरोबर ठेव.

बोटीच्या लांबीचं म्हणशील तर सुहेली ३२ फुटी होती. मुंबईला कुलाब्यात बांधलेली, सागवानी. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून फालमथला परत आला. तेव्हा ३४ पुरेल का हा प्रश्न तू त्या बोटीला विचार. केस विंचरायचं मात्र खरं आहे, त्या बोटीत जमलं नसतं.

मांडवी_काठ

विषय निघालाच आहे तर, हे सगळं आपल्याकडून का होत नाही? म्हादेई ही शिडाची बोट गोव्यात दिवाडीला बांधली, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात, ५६ फुटी. तिच्यावर नेव्हीचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले, मध्ये चार थांबे घेऊन, तसं करणारे पहिले भारतीय. मग २०१२-१३ ला नेव्हीचेच अभिलाष टॉमी त्याच बोटीवर विनाथांबा. नेव्हीचं सोडलं तर आपला साधा माणूस मुंबईहून निघून असं का जात नाही?

तांडेलकाका

@मांडवी_काठ जाऊन कुठे राहणार? जूनला आपला किनारा बंद, मच्छीमार सुद्धा होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेपर्यंत बोट ठेवायची कुठे? अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर सोयीचा मरिना म्हणावा तर कोचीचा बोळगट्टीचा. गेटवेसमोर नांगर टाकून तीन दिवस झोपून दाखव, दर दोन मिनिटांनी एलिफंटाची लाँच लाट मारून जाते. पश्चिमेला जायचं तर तांबडा समुद्र, आणि २०२३ च्या शेवटापासून तिथे जहाजांवर जे हल्ले झाले त्यानंतर बरेच छोट्या बोटीवाले केप ऑफ गुड होपने जायला लागले. आवड कमी नाही रे आपल्याकडे, बोट बांधायला जागा नाही.

सोलेंटचा_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. खारेवारे, काल दोन बोटी बघितल्या. पहिलीत गाद्या एकदम भारी होत्या, तुमचं ऐकून संडासामागचा कॉक फिरवला तर दांडाच हातात आला. विकणारा म्हणाला, "तो आम्ही कधी वापरत नाही." दुसरी ३५ फुटी, १९८६ची, आतून जुनाट तपकिरी, पण सगळे कॉक फिरले आणि बायको सरळ उभी राहिली, वर चार बोटं जागा. पुढच्या आठवड्यात सर्व्हेअर जातोय. नोव्हेंबरच्या महिन्याचं मी घरी सांगितलं, तर ती म्हणाली आधी त्या मेतकूट_भात ताईंचा नंबर घे. तुम्हाला निरोप टाकलाय.

एकच राहिलं, कुकरच्या रिंगा किती न्याव्यात? वाटेत कुठे मिळत नसणार.

मेतकूट_भात

तीन. आणि शिट्टी एक जास्तीची, आमची अझोर्सच्या वाटेवर समुद्रात गेली, मग शेवटचे नऊ दिवस भात पातेल्यात.